भुताला वाडा लागतो, माणसाला गाव

२०२०च्या ऑगस्टअखेरीस मराठी दूरचित्रवाणीवर एक खांदेपालट झाला. 'झी मराठी'वर रात्री साडेदहाला 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग लागत असे. २९ ऑगस्टच्या शनिवारी तो संपला आणि ३१ ऑगस्टच्या सोमवारी त्याच वेळेला 'देवमाणूस' सुरू झाली. शनिवारपर्यंत ज्या जागेवर भूत बसले होते, तिथे सोमवारी माणूस येऊन बसला. कोकणातला नाईकांचा वाडा, अण्णा, शेवंता, माजघरातला अंधार हे सारे गेले आणि त्या जागी आला एक खेड्यातला दवाखाना. बाहेर बसलेले पेशंट, आत गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला गोडबोल्या डॉक्टर. गाव त्याला देवमाणूस म्हणते. तो मुळात डॉक्टर नसतोच. आणि तो खुनी असतो.

करोनाचे दिवस होते. माणसे घरात अडकलेली, मुलांच्या शाळा बंद. त्यामुळे रात्री साडेदहाला घरोघर टीव्ही चालू असे आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात, गच्चीवर, तोंडाला मास्क लावून चर्चाही होई. आमच्या चिंचवडच्या सोसायटीतल्या एक वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तो अण्णा नाईक परवडला हो! त्याची भीती वाटायची, पण टीव्ही बंद केला की तो गेला. हा डॉक्टर टीव्ही बंद केल्यावरच जास्त आठवतो. आपल्या औषधवाल्याकडेसुद्धा संशयाने बघायला लागलेय मी!"

वहिनी हसत बोलल्या. पण त्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. एक, भुतापेक्षा माणसाचे भय अधिक खोल जाते. आणि दुसरी, हे भय मग कोणाकडे वळवायचे ते आपल्याला कळत नाही. ते बिचाऱ्या औषधवाल्याकडे जाते. पहिली गोष्ट आपण सारे मान्य करतो. दुसरीचा विचार मात्र फारसा होत नाही. तो करावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

भुतांची शिस्त

भुतांच्या बाबतीत आपली लोकपरंपरा मोठी शिस्तीची आहे. मुंजा पिंपळावर राहतो. हडळीचे पाय उलटे असतात. आसरा पाण्याच्या काठी. चकवा लागतो तो रानात, रात्रीच्या वेळी, वाट चुकलेल्याला. वेताळाची पालखी निघते अमावास्येला. प्रत्येकाची हद्द ठरलेली आणि प्रत्येकावरचा उताराही ठरलेला. भीमरूपी म्हणा, अंगारा लावा, दृष्ट काढा, तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाऊ नका. बँकेच्या भाषेत सांगायचे तर भुतांचे नियमपुस्तक तयार आहे आणि भूत ते पाळते.

माणसाचे पाय सरळ असतात. तो दिवसाढवळ्या येतो, चहा घेतो, मुलांच्या परीक्षेची चौकशी करतो. भीमरूपीने तो पळत नाही. उलट आपल्याबरोबर हात जोडून तोही म्हणतो.

अमेरिकेत 'सुपरनॅचरल' नावाची मालिका २००५ ते २०२० अशी पंधरा वर्षे चालली. दोन भाऊ गावोगाव हिंडून भुताखेतांचा बंदोबस्त करतात, असा तिचा साचा. पहिल्याच पर्वात, २००६च्या फेब्रुवारीत, 'द बेंडर्स' नावाचा एक भाग लागला. एका भागातून माणसे नाहीशी होत असतात. भाऊ आपल्या सवयीने भुताचा माग काढू लागतात आणि शेवटी निघते काय, तर रानातल्या घरात राहणारे एक कुटुंब. माणसे पकडून आणायची आणि त्यांची शिकार करायची, हा त्या घराचा पिढीजात छंद. भुतांची सारी विद्या मुखोद्गत असलेले हे भाऊ साध्या माणसांपुढे चक्रावून जातात. भागाचे नावही उगाच ठेवलेले नाही. १८७०च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात बेंडर नावाचे कुटुंब रस्त्याच्या कडेला खाणावळ चालवत असे आणि जेवायला थांबलेल्या वाटसरूंना मारून लुटत असे. त्यांच्या आवारात पुरलेली प्रेते सापडली तोवर ते पसार झाले होते.

आपल्याकडच्या ठगांची रीत याहून वेगळी नव्हती. आधी वाटेत गाठभेट, मग ओळख, मग सोबत, मग एका चुलीवर स्वयंपाक आणि अखेर गळ्याभोवती रुमाल. रुमाल हे शेवटचे हत्यार. पहिले हत्यार म्हणजे समोरच्याने टाकलेला विश्वास.

बँकवाले आणि भय

मराठी माणसाला घाबरवणाऱ्यांत बँकवाले होते, हे पुष्कळांच्या लक्षात नसेल. रत्नाकर मतकरी यांनी वीसएक वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी केली आणि १९७८मध्ये ती सोडून पूर्णवेळ लेखन पत्करले. त्यांच्या गूढकथांवर पुढे 'गहिरे पाणी' ही मालिकाही निघाली. मतकरींच्या कथेत भय बाहेरून चालत येण्यापेक्षा माणसाच्या मनातून वर येते, म्हणून ते जास्त झोंबते. शिवाजी साटम हे सेंट्रल बँकेतले. बी. पी. सिंग यांच्या 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेत ते पोलीस अधिकारी झाले आणि १९९८पासून 'सी.आय.डी.'चे एसीपी प्रद्युम्न म्हणून घरोघर पोचले. याच सिंगांनी १९९५मध्ये 'आहट' आणली. तिच्या दोन वर्षे आधी रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला होता. त्यात धुके, कबरी आणि करकरणारी दारे यांचा सुकाळ होता. 'आहट'च्या सुरुवातीच्या अनेक भागांत मात्र शेवटी भूत निघत नसे. घरातलाच कोणी तरी निघे. आमच्या घरी मुले रामसेंचे भूत पाहताना पांघरुणात शिरत, आणि 'आहट' संपल्यावर गप्प बसत. दोन भीतींतला हा फरक मी तेव्हा रोज पाहत होतो.

बँकेत पस्तीस वर्षे काढल्यावर मला एवढे कळले, की पैशापाशी आलेला माणूस आपले दुसरे तोंड दाखवतो आणि ते काउंटरच्या आतल्या माणसाला दिसते. म्हणून या विषयाकडे बँकेतल्याच एका जुन्या रिवाजातून पाहावेसे वाटते.

मी नोकरीला लागलो तेव्हा खाते उघडायचे तर आधीच्या एखाद्या खातेदाराची ओळख लागे. फॉर्मवर तशी ओळच असे. 'मी यांना अमुक वर्षांपासून ओळखतो' आणि खाली सही. भोसरीच्या शाखेत असताना पगाराच्या आठवड्यात नव्या कामगारांची रीघ लागे. लातूरहून, बुलढाण्याहून, बिहारहून आलेली पोरे. ओळख द्यायला कोणी नसे. मग ते पोर रांगेतल्याच कोणाला तरी म्हणे, "दादा, एक सही मारा की." आणि दादा सही मारत! मी विचारी, "किती वर्षे ओळखता यांना?" उत्तर येई, "आत्ताच भेटला साहेब, पण पोरगं चांगलं दिसतंय."

शंभरातली नव्याण्णव पोरे खरोखरच चांगली असत. त्या सहीत माणुसकीही होती, हे मी नाकारत नाही. पण सही करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नसे. शंभरावा माणूस जेव्हा कोणाला बुडवतो, तेव्हा तो स्वतःच्या नावावर बुडवत नाही. ओळख देणाऱ्याच्या नावावर बुडवतो.

२०१२च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने ओळखीची ती अट काढून टाकली. ओळखपत्रे आणि पत्त्याचे पुरावे आले. बँकेतून तो रिवाज गेला. समाजातून गेलेला नाही. 'देवमाणूस' ही पदवी कोणी विद्यापीठ देत नाही. ती गाव देते. ती गावाने केलेली ओळखीची सही असते.

गावाची सही

'देवमाणूस' ही मालिका वाईच्या घटनेवर बेतली आहे, असे तेव्हा सर्रास बोलले जात होते. ती घटना थोडक्यात अशी. २०१६च्या जूनमध्ये वाईतल्या एक अंगणवाडी कार्यकर्त्या बेपत्ता झाल्या. ऑगस्टमध्ये सातारा पोलिसांनी डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाला पकडले आणि धोम येथील त्याच्या शेतावर खोदकाम केले. जमिनीखालून प्रेते निघाली. पोलिसांचे म्हणणे असे, की २००३ ते २०१६ या काळात या माणसाने सहा जणांचा जीव घेतला. पाच बायका आणि एक पुरुष. दोषी कोण आणि किती, हे ठरवण्याचे काम कोर्टाचे. आपण त्यात पडू नये.

पण आपण ज्यात पडले पाहिजे अशी एक गोष्ट आहे. पोलिसांचे म्हणणे खरे धरले तर ही तेरा वर्षे होतात. तेरा वर्षांत एका तालुक्यातून एकेक माणूस कमी होत गेले आणि तालुका चालत राहिला. दवाखान्यात रुग्ण येत राहिले. भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रारी करणारा कार्यकर्ता अशीही या माणसाची ओळख होती, त्यामुळे सरकारी कचेऱ्यांत त्याचा थोडा दबदबाच होता. आणि ज्या बायका घरी परतल्या नाहीत, त्यांचे काय? एखादी बाई नाहीशी झाली की आपल्याकडे पहिले वाक्य काय उच्चारले जाते, ते आपल्या सर्वांना पाठ आहे. "गेली असेल कोणाबरोबर."

हे वाक्य मी कार्यालयात, लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये ऐकले आहे. म्हणणारे सारे सज्जन असतात. ते वाक्य खून करत नाही. पण उकरलेली माती सारखी करायला मदत करते. तक्रार दाखल झाली तरी प्रौढ माणसाच्या बाबतीत ती 'मिसिंग'च्या रजिस्टरमध्ये जाते. मूल हरवले तर थेट गुन्हा नोंदवावा, असे सुप्रीम कोर्टाने २०१३मध्ये बजावले. प्रौढ बाईसाठी तशी सरसकट सक्ती नाही. तिच्यासाठी लागतो तो पाठपुरावा; रोज ठाण्यात जाऊन 'आमची बाई कुठे आहे' असे विचारणारे कोणी तरी. ज्यांना तसे विचारणारे नाही, त्या नाहीशा होतात आणि नाहीशाच राहतात.

'देवमाणूस' मालिकेतली सर्वांत चांगली गोष्ट कोणती, असे मला विचाराल, तर मी खुनांचे प्रसंग सांगणार नाही. सुरुवातीच्या भागांत गाव ज्या कौतुकाने त्या डॉक्टरवर आपली सही करत जाते, ते चित्रण सांगेन. सरू आजीच्या ठसकेबाज म्हणी, पारावरच्या गप्पा, दवाखान्याचा अभिमान. हे सारे आपल्या ओळखीचे होते. त्यात वाईट कोणीच नव्हते आणि त्यामुळेच ते अंगावर येत होते. पुढे मालिका लांबली, उंदीर-मांजराचा खेळ झाला आणि खुनी हाच नायक होऊन बसला. लोक त्याच्या हिकमतींना दाद देऊ लागले. २०२१ आणि २०२५मध्ये पुढची पर्वे आली. ज्या बायका गेल्या त्यांची नावे मालिकेतल्या प्रेक्षकालाही आठवत नाहीत, डॉक्टरचे आठवते. मालिकेला यासाठी फार दोष देऊ नये. आपलेही तसेच असते. खुन्याची कथा होते, मेलेल्याचा नुसता आकडा.

मुंज्याच्या नावावर

कधी कधी ओळखीची सही गाव करत नाही, भूतच करते. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये 'सोनी लिव्ह'वर 'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका आली. रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. हेच गोवारीकर १९९८मध्ये 'वोह' या हिंदी मालिकेत एका विदूषकाच्या रूपातल्या भुताशी झुंजत होते. सव्वीस वर्षांनी त्यांच्या वाट्याला जो शत्रू आला, त्याला भुताचे नुसते नाव होते.

परभणी जिल्ह्यातले मानवत. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या अवधीत तिथे दहा खून झाले. मेलेल्यांत पाच लहान मुली होत्या, एक वर्षाचे तान्हे मूल होते, बाकीच्या बायका. मोठ्या दुष्काळाचे दिवस. तपासात जी हकीगत पुढे आली ती अशी, की पिंपळाखाली गुप्तधन आहे, त्यावर मुंजा बसला आहे आणि तो प्रसन्न व्हायचा तर बळी हवेत. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९७७मध्ये निकाल लागला. कोण सुटले, कोणाला शिक्षा झाली, हा वकिलांचा विषय. मला त्यातले एवढेच सांगायचे आहे, की मुंज्याने कोणाचाही जीव घेतला नाही. पिंपळावर तो असेल-नसेल. हत्यार माणसाच्या हातात होते आणि हाव माणसाच्या पोटात होती. मुंज्याचे नाव पुढे केल्यामुळे त्या हावेला धर्मकृत्याचे सोंग घेता आले, आणि शेजारपाजारच्यांना ज्या प्रश्नापासून दूर राहायचे होते त्यापासून दूरही राहता आले. देवादिकांच्या, भुताखेतांच्या भानगडीत कशाला पडा!

पन्नास वर्षांपूर्वीचे मराठवाड्यातले अडाणी गाव, असे म्हणून सुटका नाही. २०२५च्या जूनअखेरीस पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या बावधन ठाण्याने एका तरुण बाबाला अटक केली. तक्रार अशी होती, की हा बाबा भक्तांना 'तुझा मृत्यू जवळ आला आहे' असे सांगे आणि उपाय सुचवण्याच्या निमित्ताने त्यांच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून घेई. आई-बापांनी लहान मुलांवर लक्ष ठेवावे यासाठी केलेले हे ॲप. त्यातून भक्त कुठे आहे, काय करतो आहे, हे बाबाला बसल्या जागी दिसे. भक्ताला वाटे, दिव्यदृष्टी! आरोपांची तड कोर्टात लागेल. पण मुंज्याची जागा मोबाइलने घेतली तरी युक्ती तीच राहिली, हे कबूल करावे लागते. आधी मरणाची भीती घालायची, मग आपणच तारणहार व्हायचे. अशा गोष्टींसाठी महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो होण्यासाठी आयुष्यभर झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ला खून झाला आणि त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला. एका माणसाच्या जिवाचे मोल देऊन मिळालेला हा कायदा आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे?

भुते गेली, माणसे आली

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या या पट्ट्यात आता भुते फारशी उरलेली नाहीत. पवना-इंद्रायणीच्या काठच्या गावांत ती होती. जुनी माणसे ती शपथेवर सांगत. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. १९८२मध्ये महापालिका झाली. १९९९मध्ये बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला, २००९मध्ये फोक्सवॅगन आली. पिंपळ तुटले, रस्ते रुंद झाले, रात्रभर दिवे जळू लागले. चकवा लागायला अंधार शिल्लक राहिला नाही.

त्या जागी आली अनोळखी माणसे आणि अचानक आलेला पैसा. हे दोन्ही एकत्र आले म्हणजे काय होते, ते मी चाकणच्या शाखेत पाहिले. जमीन संपादनात गेलेली एक आजी पुतण्याबरोबर आली. मोबदल्याचे पैसे खात्यावर जमा झाले होते. पुतण्या म्हणाला, "साहेब, हिला काय समजत नाही. कुठं अंगठा द्यायचा ते दाखवा, म्हणजे सगळे माझ्या खात्यावर वळवून घेतो." मी त्याला बाहेर बसायला सांगितले आणि आजीला विचारले, "आजी, पैसे याच्या खात्यावर टाकायचे का?" आजी म्हणाली, "मला समदं समजतंय साहेब. पर ह्याला नाय म्हनलं, तर मला भाकर कोन घालील?"

त्या पुतण्याचे पाय सरळ होते. तो काही राक्षस नव्हता. गावात त्याचा लौकिक चांगला होता, हरिनाम सप्ताहात पंगतीला वाढायला पुढे असायचा. मी पैसे आजीच्या एकटीच्या नावावर मुदतठेवीत टाकले आणि दर तिमाहीला व्याज तिच्या बचत खात्यावर येईल अशी व्यवस्था केली. पुतण्या चिडला, पण व्याजासाठी तरी तिला रिक्षात बसवून आणणे त्याला भाग पडले. ती पुढे बरीच वर्षे येत राहिली. भयकथा लिहायला बसतो तेव्हा मला वाड्यातला अंधार आठवत नाही, आजीचे ते भाकरीचे वाक्य आठवते. मालिकेतल्या खुन्यापासून आपण सारे दूर आहोत. त्या पुतण्यापासून किती जण दूर आहोत?

आता या भयाची दुसरी बाजू. माणसाची भीती एकदा बसली, की ती आधी परक्याकडे बोट दाखवते. चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी इथे दहा बाय दहाच्या खोल्यांत पाच-सहा जण राहणारी कंत्राटी पोरे आपल्याला 'बाहेरची' वाटतात. काही झाले की आधी त्यांचे नाव. खरे तर नाहीसे होण्याचा धोका त्यांनाच जास्त. त्यातला एखादा एक दिवस कामावर आला नाही, तर ठेकेदार दुसरा पोरगा आणतो. 'मिसिंग'ची तक्रार करायला तरी कोणाला सवड आहे?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातले राईनपाडा. आठवड्याचा बाजार. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. भिक्षा मागत फिरणारे पाच भटके, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, लोकांच्या नजरेस पडले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाचही जण गेले. मारणारे कोण? बाजाराला आलेले शेतकरी, मजूर, कोणाचे बाप, कोणाचे भाऊ. त्यांना वाटत होते, की आपण भयकथेतले राक्षस मारतो आहोत. त्या दिवसाच्या कथेत राक्षस तेच होते. पाच माणसांना 'तुम्ही कोण, कुठले?' एवढे विचारून उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ त्या गावाकडे नव्हता.

न ओळखता 'देवमाणूस' म्हणणे आणि न ओळखता 'राक्षस' म्हणणे, या दोन्ही सह्या सारख्याच. दोन्हींत समोरच्या माणसाकडे पाहण्याचा कंटाळा आहे. १९७६-७७ साली जोशी-अभ्यंकर खुनांच्या काळात पुणे संध्याकाळीच कड्या लावून बसत असे. मी तेव्हा शाळकरी वयाचा होतो; दाराला साखळी लावून घेण्याची टूम त्या दिवसांत घराघरांत आली. खुनी शेवटी सापडले ते चित्रकला शिकणारे विद्यार्थी. साखळी लावावी, ती आजही लावतो आम्ही. पण साखळी दाराला असते, आणि माणूस येतो तो बहुधा कोणाच्या तरी ओळखीने.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. डॉक्टर म्हणवणाऱ्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, हे विचारायला संकोच वाटता कामा नये. खऱ्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा अंगठा कागदावर घ्यायचा असेल, तर त्याचे म्हणणे एकांतात ऐकणारे कोणी तरी असावे. मरणाची भीती घालून तरणोपाय विकणारा कोणीही असो, त्याच्यासाठी कायदा आहे आणि ठाण्यात तो लावायला सांगता येतो. आणि एखादी बाई, एखादा पोरगा घरी परतला नाही, तर 'गेली असेल कोणाबरोबर' हे वाक्य आपल्या तोंडून तरी निघू नये.

भुताला राहायला ओसाड वाडा लागतो. वाईट माणसाला मात्र भरलेले गाव लागते. त्याला चांगले म्हणणारे, त्याच्याकडे काणाडोळा करणारे, त्याच्या वतीने सही मारणारे सज्जन लागतात. म्हणून माणूस खलनायक असलेली मालिका पाहताना खुन्याकडे थोडे कमी आणि पारावर बसलेल्यांकडे थोडे जास्त पाहावे, असे मला वाटते. पारावरच्या त्या गर्दीत आपल्यासारखे चेहरे पुष्कळ सापडतील. त्यातल्या एकाने जरी सही मारण्यापूर्वी 'किती वर्षे ओळखता?' असे स्वतःला विचारले, तर एखादे माणूस रात्री सुखरूप घरी परतेल.